फरशी वर आली, कमोडचा पाइप खालीच राहिला: ड्रेनेजचा जोड उचलायचा कसा?

जुन्या फरशीवर नवी फरशी टाकायची ठरली की घरात महिनाभर टाइलच्या रंगावर चर्चा चालते आणि ड्रेनेजचा विषय कमोड परत बसवायच्या दिवशी निघतो. तोवर फरशी वाळलेली असते. गवंडी हिशेब घेऊन गेलेला असतो. प्लंबर वाकून बघतो आणि म्हणतो, "पाइप खाली राहिलाय, व्हाइट सिमेंट भरून देतो, काही होत नाही." होतं ते आठ-दहा महिन्यांनी. खालच्या मजल्यावरच्या छताला पिवळट डाग पडतो आणि सोसायटीच्या ग्रुपवर तुमच्या फ्लॅटचा नंबर यायला लागतो.

दोष साधा असतो. कमोडचं तोंड पाइपात जेवढं खोल शिरायला हवं तेवढं शिरत नाही. प्रत्येक फ्लशला थोडं पाणी जोडाबाहेर जाऊन फरशीखालच्या भरावात मुरतं. पाइपाचं काम फरशीच्या आधी केलं तर हे अर्ध्या दिवसात निस्तरतं. नंतर करायचं तर नवी फरशी फोडावी लागते.

१. तुमचा कमोड कोणत्या प्रकारचा, ते आधी बघा

एस-ट्रॅप: कमोडचं तोंड खाली जमिनीत जातं. मागे भिंतीकडे पाइप दिसत नाही. फरशी वर आली की थेट फटका बसतो तो याला.

पी-ट्रॅप: तोंड मागे भिंतीत जातं आणि पाइप डक्टमधल्या (पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीतल्या) उभ्या लाइनला मिळतो. तोंडाचा मध्य तयार फरशीपासून साधारण १८० ते १९० मिमीवर असतो. फरशी ४० मिमी वर आली की कमोडचं तोंडही ४० मिमी वर येतं, भिंतीतला पाइप मात्र जागचा हलत नाही.

भिंतीवर टांगलेला कमोड: फ्रेम भिंतीत पक्की असल्यामुळे जोडाला काही होत नाही. सीट मात्र बुटकी होते. आधी ४०० मिमी होती ती ३६० वर येते. घरात गुडघे दुखणारं कोणी असेल तर याचा विचार आधी करा.

भारतीय बैठकीचं भांडं: याला 'उचलायची' युक्ती नाही. भांडं आणि त्याखालचा ट्रॅप (पाणी अडवून वास रोखणारा वाकडा तुकडा) काढून नव्या लेव्हलला परत बसवावा लागतो. भोवतीची फरशी तेवढी वर घेतली तर भांडं खड्ड्यात जातं आणि बाथरूमभरचं पाणी त्यात उतरत राहतं. बरेच जण याच वेळी कमोड बसवून घेतात, ते शहाणपणाचं आहे.

२. नवी फरशी किती वर येणार, मिलिमीटरमध्ये लिहून काढा

"इंच-दीड इंच" हा अंदाज झाला. त्यावर पाइप कापू नका. साधारण हिशेब असा:

जुन्या फरशीवर टाइल अॅडहेसिव्हने नवी फरशी: अॅडहेसिव्ह ३ ते ६ मिमी, टाइल ८ ते १० मिमी. एकूण ११ ते १६.

जुनी फरशी तशीच ठेवून वाळू-सिमेंटच्या थरावर नवी: थर ३० ते ४० मिमी, वर टाइल. एकूण ४० ते ५०.

तळमजल्यावर भराव टाकून उचललेली जमीन: १५० मिमीपासून पुढे कितीही.

दारापासून नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी जायच्या जाळीकडे, ढाळ असतो. मीटरला १० ते १२ मिमी धरा. दीड मीटरच्या बाथरूममध्ये दाराजवळची फरशी जाळीपेक्षा १५ ते १८ मिमी उंच असणार. म्हणून कमोड जिथे बसणार तिथली उंची वेगळी मोजा, दारातली मोजून चालणार नाही. लेव्हल बघायच्या पाण्याच्या नळीने भिंतीवर चारही बाजूंना एक मीटरची खूण मारून घ्या आणि यापुढचं प्रत्येक माप त्या खुणेपासून खाली मोजा. गवंडी एका खुणेवरून आणि प्लंबर दुसऱ्या खुणेवरून मोजत असतील तर काम बिघडलंच समजा.

उंबरा तपासायचा तो आत्ता. बाथरूमची फरशी बाहेरच्या खोलीपेक्षा किमान १२ ते २० मिमी खाली राहायला हवी. आज तुमचा उतार २५ मिमी असेल आणि १५ वर येणार असेल तर उरतात १०. मग दारात ग्रॅनाइटची पट्टी उंच करायची, नाही तर जुनी फरशी उखडायची. दाराची फळी खालून तासावी लागेल तेही धरून चला.

वजनाकडे सहसा कोणी बघत नाही. १.२ बाय २.१ मीटरच्या बाथरूममध्ये ५० मिमीचा ओला थर टाकला तर स्लॅबवर पावणेतीनशे किलोच्या आसपास भर पडते. वरच्या मजल्यावर, त्यातही जुन्या इमारतीत, थरावर थर चढवण्यापेक्षा उखडून नव्याने करणं किंवा अॅडहेसिव्हने पातळ काम करणं बरं.

३. कागद आणि शेजारपाजार

सोसायटीत राहत असाल तर हातोडा लागण्याआधी हे जमवा:

- सोसायटीला कामाचा लेखी अर्ज: कोणत्या खोलीत काय करणार, किती दिवस, प्लंबर आणि गवंडी यांची नावं व फोन. पोच घेऊन ठेवा.
- बिल्डरने दिलेला प्लंबिंगचा नकाशा. सापडत नसेल तर सोसायटीच्या फायलीत असतो. सापडला तर निम्मं फोडकाम वाचतं.
- डक्टमध्ये उतरायची परवानगी आणि त्याची किल्ली.
- खालच्या फ्लॅटच्या छताचे तारखेसह फोटो, त्यांच्या समोरच काढलेले. डाग आधीपासून होता की तुमच्या कामानंतर पडला, हा वाद एका फोटोने मिटतो.

बाहेरची सामाईक ड्रेनेज लाइन गळत असेल तर खर्च सोसायटीचा. फ्लॅटच्या आतला जोड गळला तर तो सभासदाच्या खिशातून जातो. तुम्ही करताय ते काम दुसऱ्या प्रकारात मोडतं.

फोडकामाची वेळ ठरवताना दुपारी १ ते ४ सोडाच. हे पुणं आहे. नियमात नसलं तरी बिल्डिंगमध्ये ते सगळ्यांना पाठ असतं. राडारोडा जिन्याखाली किंवा नाल्याकाठी टाकू नका. महापालिकेचा राडारोडा प्रक्रिया प्रकल्प वाघोलीत आहे. टेम्पोवाल्याशी बोलताना माल कुठे नेणार ते विचारून घ्या.

४. सामान

एका कमोडसाठी, ५० मिमीपर्यंतच्या उचलीला:

- ११० मिमी एसडब्ल्यूआर पाइप (मैला, सांडपाणी आणि पावसाच्या पाण्याचा पीव्हीसी पाइप), टाइप बी: १ मीटर. पाइपावर आयएस १३५९२ छापलेलं बघा. टाइप ए ची भिंत २.२ मिमी, टाइप बी ची ३.२. टाइप ए हा पावसाच्या पाण्यासाठी आणि व्हेंटसाठी, म्हणजे हवेच्या पाइपासाठी, असतो. दुकानदार तो "सेमच आहे" म्हणून देतो. सेम नाही.
- ११० मिमी कपलर (दोन पाइपांची टोकं जोडणारा तुकडा): १. जुना पाइप हलवता येत नसेल तर मधला थांबा नसलेला रिपेअर कपलर.
- पॅन कनेक्टर (कमोडचं तोंड पाइपाला जोडणारा रबरी ओठाचा तुकडा): १. पी-ट्रॅपला तोंड सरकलेला म्हणजे एक्सेंट्रिक, एस-ट्रॅपला सरळ.
- ११० मिमीच्या रबर रिंगा: २. एक लागते, दुसरी बसवताना मुडपते.
- सॉल्व्हंट सिमेंटचा (पीव्हीसी चिकटवायच्या द्रावणाचा) छोटा डबा. आधी उघडून घट्ट झालेला नको.
- नहाणी ट्रॅपसाठी ११० मिमी हाइट रायझर (ट्रॅपचं तोंड उंच करणारा तुकडा) आणि नवी जाळी.
- पॉलिमर-सिमेंट वॉटरप्रूफिंग, दोन हातांपुरतं.
- सॅनिटरी सिलिकॉनची एक ट्यूब.
- हॅकसॉ, कानस, छन्नी, पाण्याची नळी, टाइलला भोक पाडायचा बिट, तीन गोणपाट, सुतळी.

टाइलचा बिट, छन्नी असली हत्यारं रविवार पेठेत बोहरी आळीत एका फेरीत मिळतात. पॅन कनेक्टर मात्र कमोडचं तोंड मोजल्याशिवाय आणू नका. चिनी मातीच्या तोंडाचा बाहेरचा व्यास १०० मिमीच्या आसपास असतो, पण भट्टीतून निघालेली वस्तू आहे, दोन-चार मिमी इकडेतिकडे होतंच.

५. कमोड काढा आणि पाइपाचं तोंड बंद करा

अँगल कॉक बंद करा, टाकी रिकामी करा, कमोडमधलं पाणी मगने आणि फडक्याने काढून घ्या. बुडाभोवती व्हाइट सिमेंट असेल तर पातळ छन्नीने कडेकडेने मोकळं करा. कमोडला धरून ओढलं तर तोंड तुटतं. आधी सुटलेला तुकडा पाइपात पडतो आणि मग कमोड हातात येतो.

आता गोणपाटाचा घट्ट गोळा करून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा, त्याला सुतळी लावा, गोळा पाइपात वीतभर खाली सारा आणि सुतळीचं दुसरं टोक भिंतीतल्या खिळ्याला बांधा. काम संपेपर्यंत ती सुतळी सगळ्यांना दिसली पाहिजे. नवी फरशी झाल्यावर पहिल्याच महिन्यात लाइन चोकअप होते तेव्हा बेंडमध्ये बहुतेक वेळा वाळलेला सिमेंटचा लगदा सापडतो. टाइलची फट भरून झाल्यावर गवंड्याने बादली त्याच भोकात ओतलेली असते. दुसरी शक्यता अशी की गोळा आतच राहिला. म्हणून खिळा.

पाइप उघडा ठेवून रात्री झोपू नका. वास येतो, झुरळं येतात, कधी उंदीरही येतो.

६. एस-ट्रॅपचा पाइप उचलणे

कमोड दोन गोणपाटांवर उलटा ठेवा. बुडावर सरळ पट्टी आडवी धरा आणि तोंडाची कड पट्टीच्या किती वर किंवा खाली आहे ते मोजा. मॉडेल बदललं की हे माप बदलतं. काहींचं तोंड बुडाच्या पातळीत असतं, काहींचं १०-१५ मिमी आत. कागदावर साधं चित्र काढून हा आकडा लिहा. कनेक्टर किती वर हवा ते यावरूनच ठरतं.

आता जमिनीतल्या पाइपाकडे बघा. तीनपैकी एक दृश्य दिसेल.

(क) वर तोंड केलेलं सॉकेट (दुसरा पाइप आत बसतो ते रुंद तोंड), आत खाच नाही. हा पेस्टिंगचा, म्हणजे सॉल्व्हंट सिमेंटने चिकटवायचा प्रकार, सगळ्यात सोपा. तुकड्याची लांबी अशी काढा: सॉकेटची आतली खोली, अधिक सॉकेटच्या कडेपासून जुन्या फरशीपर्यंतचं अंतर, अधिक फरशीची उचल. उदाहरणार्थ ५५ अधिक १० अधिक ४२, म्हणजे १०७ मिमी. पण १०७ चा कापू नका. २०० चा कापून बसवा. फरशी होईपर्यंत वर आलेलं टोक गवंड्याला दिसतं, सिमेंट आत जात नाही आणि टाइल त्याभोवती नीट कापली जाते. फरशी वाळली की टाइलला समपातळीत कापा.

(ख) सॉकेट आहे आणि आत रिंगची खाच आहे. इथे सॉल्व्हंट सिमेंट चालत नाही. रिंगच्या सॉकेटमध्ये पाइप सैल बसतो, दोन पृष्ठभाग एकमेकांना धरतच नाहीत. जुनी रिंग काढा, खाच फडक्याने पुसा, नवी रिंग बसवा. पाइपाच्या टोकाला कानसेने १५ अंशांची धार द्या, साबणाचं पाणी लावा, पूर्ण आत दाबा, खूण करा आणि १० मिमी परत ओढा. तेवढी जागा पाइपाला वाढण्यासाठी लागते. ग्रीस किंवा खोबरेल तेल लावू नका, त्याने रबर फुगतं.

(ग) सॉकेट नाहीच, फरशीला समपातळीत कापलेला साधा पाइप आहे. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये हे फार दिसतं. कपलर बाहेरून चढवावा लागतो. त्यासाठी पाइपाभोवती ६० ते ७० मिमी खोल आणि चारही बाजूंना तीन बोटं जातील एवढी जागा हाताच्या छन्नीने मोकळी करा. ब्रेकर लावू नका. पाइपाला एक केसभर चीर गेली तरी पुढची सगळी मेहनत वाया जाते आणि ती चीर त्या दिवशी दिसत नाही.

(ग) मध्ये एक शॉर्टकट सुचवला जातो: ११० च्या आत ९० किंवा ७५ चा तुकडा घालून भोवती एम-सील भरायचं. फोडकाम वाचतं हे खरं. पण कमोडचं तोंड रुंद आणि खालची वाट अरुंद झाली की तिथेच कागद आणि घाण अडकायला लागते, आणि कडक एम-सील हादऱ्यांनी सुटतं. नाही म्हणा.

पेस्टिंग करताना पाइप काटकोनात कापा, आतली-बाहेरची कुसळं काढा, कोरडा बसवून बघा, खूण करा. दोन्ही पृष्ठभागांना पातळ हात द्या, सरळ आत ढकलून पाव वळसा द्या आणि अर्धा मिनिट दाबून धरा. जास्त लावलेलं सिमेंट आत ओघळून ओठ तयार करतं, पुढे कचरा त्यालाच अडतो. कपलरमधून जाताना वरचा पाइप खालच्यात उतरतो आहे, म्हणजे सॉकेटचं तोंड येणाऱ्या पाण्याकडे आहे, हे बघा. उलटं बसवलेलं सॉकेट सुरुवातीला गळत नाही, म्हणून ते लक्षात येत नाही.

जमिनीत गाडला जाणारा जोड जमेल तिथे पेस्टिंगचा करा आणि कमोडचा जोड रबराचा ठेवा. खालचा पुन्हा बघायला मिळणार नाही. वरचा कधी ना कधी उघडावा लागणारच.

७. पी-ट्रॅप असेल तर

कमोडचं तोंड वर गेलं आणि पाइप खाली राहिला, म्हणजे पाणी खालीच उतरणार आहे. उताराच्या दृष्टीने तुम्ही सुरक्षित आहात. उलटं झालं, पाइप वर आणि तोंड खाली, तर मात्र काहीही करून चालत नाही.

उचल १५-२० मिमीपर्यंत असेल तर एक्सेंट्रिक पॅन कनेक्टर पुरतो. कनेक्टर फिरवून त्याचं पाइपाकडचं टोक खाली येईल असं बसवा.

त्याहून जास्त असेल तर दोन वाटा. डक्टमध्ये जागा असेल तर भिंतीतला आडवा तुकडा काढून भोक वरच्या बाजूने वाढवायचं, पाइप नव्या उंचीला आणायचा आणि बाहेर ४५ अंशांचे दोन बेंड वापरून जुन्या टी ला (उभ्या लाइनमधल्या तीन तोंडांच्या जोडाला) मिळवायचा. भोक वाढवताना वर बीम नाही ना, हे आधी तपासा. डक्टमध्ये जागा नसेल तर उभ्या लाइनमधला टी वर घ्यावा लागतो. तेव्हा वरच्या सगळ्या फ्लॅट्सना दोन-तीन तास फ्लश वापरू नका असं सांगावं लागतं, आणि सांगितल्यावरही कोणीतरी वापरतंच. हे काम करणाऱ्याने उघड्या पाइपापासून बाजूला उभं राहावं.

आडव्या तुकड्याला मीटरला १७ ते २५ मिमी ढाळ ठेवा.

घड्या असलेला लवचिक कनेक्टर दुकानात हमखास पुढे केला जातो, कारण तो कुठेही बसतो. घड्यांत घाण साचते आणि मधे झोळ पडतो. दिसेल अशा जागी तात्पुरता ठीक, भिंतीत गाडायला नाही.

८. नहाणी ट्रॅप

कमोडच्या नादात हा राहतो आणि नवी फरशी झाल्यावर जाळी खड्ड्यात दिसते. ट्रॅपला हात न लावता त्यावर हाइट रायझर चढवा. ट्रॅपमधलं पाण्याचं कुलूप, किमान ५० मिमी, खाली तसंच राहतं, त्यामुळे वास अडतो. रायझरचा सांधा बाहेरून वॉटरप्रूफिंगने बांधून घ्या, कारण टाइलखाली झिरपलेलं पाणी तिथेच जमतं.

एक मर्यादा आहे. रायझर वीतभराहून उंच झाला तर हात ट्रॅपपर्यंत पोचत नाही आणि केसांचा गुंता काढता येत नाही. तेवढी उचल असेल तर ट्रॅपच वर घ्या.

९. जुन्या इमारतीत बीडाचा पाइप असेल तर

पेठांमधल्या आणि डेक्कन परिसरातल्या जुन्या इमारतींत बीडाचे (कास्ट आयर्नचे) पाइप आणि शिसं-सुतळीचे जोड अजून सापडतात. बीड ठिसूळ असतं. शेजारी घण घातला की उभी भेग जाते, म्हणून भोवतीचं फोडकाम छोट्या छन्नीने. बीडाच्या हबमध्ये, म्हणजे रुंद तोंडात, पीव्हीसीचं टोक घालून सिमेंटने भरू नका. पीव्हीसी उष्णतेने वाढतं-आक्रसतं, बीड तेवढं हलत नाही, सिमेंटचा कडा सुटतो. त्यासाठी रबर रिंगचा बीड-ते-पीव्हीसी अॅडॉप्टर मिळतो. हबच्या आतला गंज तारेच्या ब्रशने स्वच्छ केल्यावरच तो धरतो. ब्रश मारताना पापुद्रे हातभर निघायला लागले तर उचलायचा विचार सोडा आणि तो तुकडा बदलायची बोलणी सोसायटीशी सुरू करा.

१०. फरशीआधीची चाचणी

११० मिमीचा रबरी टेस्ट प्लग प्लंबरकडे असेल तर जोडाच्या खाली लावा, उभ्या तुकड्यात जोडाच्या वरपर्यंत पाणी भरा, पेन्सिलने खूण करा, अर्धा तास थांबा. पाणी उतरलं तर जोड गळतोय. प्लग काढायला विसरू नका. प्लग नसेल तर जोडाभोवती वर्तमानपत्राचा कोरडा कागद गुंडाळून चार-पाच बादल्या झटकन ओता. कागद भिजलेला दिसतो, बोटाला ओल कळतेच असं नाही.

नंतर पाइपाभोवतीचा खड्डा न आकसणाऱ्या ग्राउटने भरा, वर पॉलिमर-सिमेंटचे दोन हात, दुसरा पहिल्याच्या आडवा. पाइपावर आणि भिंतीवरही किमान वीतभर चढवा. वाळल्यावर बाथरूममध्ये दोन इंच पाणी ४८ तास साठवून ठेवा आणि या काळात खालच्या फ्लॅटमध्ये दोनदा चक्कर मारा. जून ते सप्टेंबरमध्ये हात वाळायला जास्त वेळ लागतो. गवंडी "झालं वाळून" म्हणाला तरी आणखी एक दिवस द्या.

जुन्या सन्कमधून (बाथरूमखालच्या खोलगट स्लॅबमधून) डक्टमध्ये काढलेला छोटा स्पाउट पाइप असेल तर तो सिमेंटने बुजवू नका. भरावात मुरलेलं पाणी बाहेर यायची ती एकच वाट असते.

११. कमोड बसवणे

फरशीची फट भरून एक दिवस झाला की वर आलेला पाइप समपातळीत कापा, कड कानसेने घासा, सुतळी ओढून गोळा काढा. पॅन कनेक्टर आधी कमोडच्या तोंडावर चढवा, रबराच्या ओठाला साबणपाणी लावा आणि कमोड सरळ खाली उतरवा. तिरका करून सारल्यास ओठ आत दुमडतो. कमोडच्या वजनाने रबर बसल्याचं हाताला जाणवतं. डुगडुगत असेल तर कनेक्टर उंच आहे, तेव्हा पाइप आणखी दोन-तीन मिमी कापा. स्क्रू आवळून खाली खेचायचा प्रयत्न केला तर चिनी मातीला तडा जातो.

स्क्रूची भोकं पाडताना बिटला चिकटपट्टीने खोलीची खूण लावा, वॉटरप्रूफिंग भेदलं जाऊ नये. बुडाभोवती सिलिकॉन लावा, पण मागच्या बाजूला बोटभर जागा कोरी ठेवा. जोड कधी गळलाच तर पाणी तिथून फरशीवर येऊन तुम्हाला आधी दिसेल, खालच्यांना नंतर. काही प्लंबरना हे पटत नाही, त्यांना गोल पूर्ण केलेलं आवडतं. आग्रह धरा.

टाकी भिंतीवर वेगळी असेल तर कमोड वर आल्यामुळे फ्लश पाइप तेवढाच आखूड करावा लागेल.

१२. तळमजला: रस्ता वर आला म्हणून घर उचलताना

पुण्यात डांबरावर डांबर चढत रस्ते वर आले आणि जुने बंगले, रो-हाउस, तळमजल्याचे फ्लॅट खाली राहिले. पावसाचं पाणी आत येतं म्हणून जमीन एक-दोन विटांनी उचलली जाते. इथे कमोडचा पाइप उचलणं सोपं आहे. उभा तुकडा लांब करायचा, एवढंच. अवघड आहे ते भराव आणि चेंबर.

भराव १५० मिमीच्या थरांत, पाणी मारून, धुमसाने ठोकून घाला. एकदम ओतलेला भराव पावसाळ्यानंतर बसतो. फरशी आणि कमोड त्याबरोबर खाली येतात, पाइप मात्र खालून ताठ उभा असतो, आणि कमोड पाइपावर टेकून तडकतो. पाइपाभोवती १०० मिमी वाळू घाला. फोडलेल्या विटा-टाइलांचा राडारोडा पाइपाला थेट लावू नका.

बाहेर जुना भाजक्या मातीचा चकाकीचा पाइप असेल तर त्याच्या गळ्याजवळ घण नको. घरातला नवा भाग पीव्हीसीचा ठेवून जोड चेंबरमध्ये घ्या.

चेंबरचं झाकण रस्त्याच्या पाण्यात बुडतं म्हणून तेही वर घ्यावं लागतं. किती, इथे चूक होते. झाकण घरातल्या नहाणीच्या जाळीपेक्षा किमान १५० मिमी खालीच राहिलं पाहिजे. महापालिकेची लाइन तुंबली की मैलापाणी सगळ्यात खालच्या तोंडातून बाहेर येतं. ते तोंड अंगणातलं झाकण असावं. झाकण घराच्या फरशीपेक्षा उंच बांधलं तर पहिलं बाहेर येण्याचं ठिकाण तुमची नहाणी होते. घर पुरेसं उचलता येत नसेल तर शेवटच्या चेंबरमध्ये पाणी उलटं येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा, हात घालून साफ करता येईल असा, आणि पावसाळ्याआधी मे महिन्यात तो उघडून त्याची पाकळी मोकळी हलते का बघा.

गच्चीचा पावसाळी पाइप या चेंबरला जोडलेला सापडला तर याच वेळी वेगळा करा. जोरदार सरीत चेंबर भरायला तोच पुरेसा होतो. कुंपणाबाहेरच्या महापालिकेच्या लाइनला मात्र स्वतः हात लावू नका, त्यासाठी तुमच्या भागाच्या क्षेत्रीय कार्यालयात जा.

काम झाल्यावर पहिला आठवडा रोज सकाळी कमोडच्या मागच्या त्या कोऱ्या जागेला टिश्यू पेपर लावून बघा. आठव्या दिवशी खालच्या फ्लॅटमध्ये जाऊन छताचा दुसरा फोटो काढा, पहिल्या फोटोच्याच कोनातून.